धावत्या नळीचे माप

रुग्णाच्या शरीरात द्रव, वायू किंवा अन्न पोहोचवणारी, अथवा शरीरातील स्राव बाहेर काढणारी, प्लास्टिकची, रबराची वा सिलिकॉनची जी बारीक, लवचिक आणि बहुधा एकदाच वापरून टाकायची नळी, तिला वैद्यकीय नळी म्हणतात. सलाइनचा संच, शिरेत बसवायचा कॅन्युला, नाकावाटे जठरात जाणारी राइल्स ट्यूब, श्वासनलिकेत घालायची एंडोट्रॅकियल ट्यूब आणि कफ ओढणारी सक्शन नळी ही तिची सर्वांच्या परिचयाची रूपे होत. नळी तयार झाल्यावर तिची तपासणी करणे आणि नळी तयार होत असतानाच तिचे माप घेत राहणे या दोन क्रिया वरवर सारख्या वाटल्या, तरी त्या मुळात वेगळ्या आहेत आणि दुसरीची उणीव पहिलीने भरून निघत नाही, हे प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन आहे.

हा विषय यवतमाळ जिल्ह्यात का मांडावा, या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्याच्या अलीकडच्या इतिहासातच आहे. २०१७ च्या पावसाळ्याच्या अखेरीस, कपाशीवरील फवारणीचा हंगाम भरात असताना, या जिल्ह्यात कीटकनाशकांची विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले व शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या आपत्तीचा भार यवतमाळच्या श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाने वाहिला. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशक शरीरात गेले की मज्जातंतूंच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचा संदेशवाहक पदार्थ मोडणारे विकर निकामी होते. परिणामी तोंडात आणि फुप्फुसांत स्राव दाटतो, नाडी मंदावते आणि पुढे श्वसनाचे स्नायूच थकून बंद पडतात. अशा रुग्णाला शिरेतून ॲट्रोपीन द्यावे लागते, श्वासमार्गातील स्राव वारंवार ओढावा लागतो आणि प्रकृती ढासळल्यास कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवावे लागते, म्हणजेच त्याच्या जिवाचा संपूर्ण व्यवहार चार-पाच नळ्यांतून चालतो. त्या घटनेत नळ्यांचा काही दोष होता, असा याचा अर्थ मुळीच नाही. मात्र शेतीप्रधान जिल्ह्यातील रुग्णाचे नळीवरचे अवलंबन किती निकट असते, हे त्या हंगामाने जितके स्पष्ट दाखवले तितके क्वचितच दुसऱ्या कशाने दाखवले असेल.

वेष्टनावर छापलेले माप नेमके कशाचे असते, हे प्रथम पाहिले पाहिजे, कारण सर्व नळ्यांचे माप एकाच पद्धतीने सांगितले जात नाही. सक्शन नळी, राइल्स ट्यूब आणि मूत्रनळी यांचे माप ‘फ्रेंच’ एककात देतात. पॅरिसमधील शस्त्रक्रियासाधनांचे निर्माते जोसेफ-फ्रेडरिक-बेन्वा शारिएर यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केलेल्या या मापश्रेणीत एक फ्रेंच म्हणजे बाह्यव्यासाचा एक तृतीयांश मिलिमीटर होय. कॅन्युलाचे माप तारेच्या जुन्या इंग्रजी गेजवरून आलेले आहे, त्यात आकडा वाढला की नळी बारीक होते, आणि घाईच्या वेळी घोटाळा होऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय मानकाने त्याला रंग ठरवून दिले आहेत: १८ गेजला हिरवा, २० ला गुलाबी, २२ ला निळा, २४ ला पिवळा. एंडोट्रॅकियल ट्यूबचा आकडा मात्र आतील व्यासाचा असतो. आता ८ मिलिमीटरच्या एंडोट्रॅकियल ट्यूबमधून कफ ओढताना आत घालायच्या सक्शन नळीचा बाह्यव्यास पोकळीच्या निम्म्याहून अधिक नसावा, असा वैद्यकातील दंडक आहे, कारण तो ओलांडला तर स्रावाबरोबर फुप्फुसातील हवाही ओढली जाते. म्हणून तेथे १२ फ्रेंच, म्हणजे ४ मिलिमीटरची नळी वापरतात. या एका जोडीत एका नळीचे आतले आणि दुसरीचे बाहेरचे माप परस्परांवर विसंबून आहे, त्या नळ्या दोन वेगवेगळ्या कारखान्यांतून आलेल्या असू शकतात आणि रुग्णाच्या खाटेशी त्यांची पहिली भेट होते. खाटेशी उभ्या असलेल्या परिचारिकेजवळ मायक्रोमीटर नसतो आणि असण्याचे कारणही नाही.

आतील व्यासाला एवढे महत्त्व का, हे फ्रेंच वैद्य आणि भौतिकीचे अभ्यासक ज्याँ पॉझॉय यांनी १८४० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या नियमावरून कळते. नळीतून संथपणे वाहणाऱ्या द्रवाचा प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातात बदलतो, म्हणजे त्रिज्या एक दशांशाने घटली तर प्रवाह एक दशांशाने नव्हे, तर जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. समजा, एका गुलाबी कॅन्युलाचा बाह्यव्यास १.१ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी ०.१५ मिलिमीटर आहे. त्याची पोकळी ०.८ मिलिमीटरची झाली. बाहेरचे माप तसेच राहून भिंत केवळ ३० मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या शंभर भागांतील तीन भागांनी, जाड झाली तर पोकळी ०.७४ मिलिमीटर उरते आणि तेवढ्याच दाबाखाली वाहणारा द्रव सुमारे २७ टक्क्यांनी कमी होतो. रंग गुलाबीच राहतो, बाहेरून मोजलेला व्यास अचूकच येतो आणि रक्तदाब कोसळलेल्या रुग्णाला मात्र वेळेत पुरेसे सलाइन मिळत नाही. सलाइनच्या लांब नळीला हा नियम तितक्या कठोरपणे लावण्याचे कारण नाही, कारण तेथील प्रवाह चाकाच्या चिमट्याने मुद्दामच रोखलेला असतो. त्या संचात खरी जोखीम वेगळ्या ठिकाणी आहे.

ती जोखीम थेंबात आहे. जेथे औषध मोजून सोडणारा पंप प्रत्येक खाटेशी नसतो, तेथे परिचारिका घड्याळाकडे पाहून थेंब मोजते, आणि त्या मोजणीमागे असे गृहीत असते की नेहमीच्या संचाचे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. एक लिटर द्रव आठ तासांत द्यायचा असेल तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब पडले पाहिजेत, हा हिशेब त्या गृहीतावरच उभा आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार २३ अंश सेल्सिअसच्या आसपास, मिनिटाला सुमारे ५० थेंबांच्या वेगाने पडलेल्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या २० थेंबांचे आकारमान १ मिलिलिटर, आणि त्यात फार तर एक दशांश मिलिलिटरचा फरक, एवढे असावे लागते. थेंबाचे वजन तो ज्या टोकापासून सुटतो त्या टोकाच्या परिघावर आणि द्रवाच्या पृष्ठताणावर अवलंबून असते. तेव्हा थेंबकुपीतील त्या इवल्याशा टोकाचा व्यास पाच टक्क्यांनी वाढला, तर थेंबही साधारण तेवढाच जड होतो. ॲट्रोपीनसारखे औषध थेंबांच्या हिशेबाने चालू असताना ही तफावत उपेक्षणीय मानता येत नाही.

प्रवाहावरून सूक्ष्म माप ओळखण्याची कल्पना कापसाच्या या जिल्ह्याला परकी नाही. रुईचा ‘मायक्रोनेअर’ काढताना ठरावीक वजनाची रुई ठरावीक पोकळीत दाबून तिच्यातून हवा सोडतात. तंतू बारीक किंवा अपक्व असतील तर त्यांचे एकूण पृष्ठफळ वाढते, हवेला अडथळा अधिक होतो आणि आकडा खाली येतो. मुंबईच्या माटुंगा येथे १९२४ साली कापूस तंत्रज्ञानाची जी प्रयोगशाळा सुरू झाली आणि जी आज केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते, तिच्या कामाचा मोठा भाग अशा मोजणीचाच आहे. कापसाच्या व्यवहारात मात्र ढिगातून मूठभर नमुना काढून त्यावरून ढिगाचा भाव ठरवणे चालते, कारण गिरणीत तो सर्व कापूस एकत्र पिंजला जाऊन गुणदोष मिसळून जातात. नळीचे तसे होत नाही. तिचा दीड मीटरचा प्रत्येक तुकडा एका स्वतंत्र रुग्णाकडे जातो आणि शेजारच्या तुकड्याच्या चांगुलपणाचा त्याला काही उपयोग नसतो.

नमुना तपासणीची मर्यादा साध्या गणिताने दिसते. एखाद्या बॅचमध्ये शेकडा एक नळी सदोष असेल आणि त्यातून यदृच्छया ५० नळ्या तपासल्या, तर त्यांत एकही सदोष नळी न सापडण्याची शक्यता सुमारे ६० टक्के असते. म्हणजे पाचांपैकी तीन वेळा अशी बॅच निर्दोष म्हणून बाहेर पडेल. शिवाय नमुन्याच्या नळीचे माप तिच्या टोकांशी घेतले जाते आणि मधला भाग न पाहिलेलाच राहतो. मिनिटाला ६० मीटर वेगाने चालणाऱ्या उत्पादनाच्या लाइनवर एका सेकंदाचा बिघाड म्हणजे एक मीटर नळी, आणि दहा मिनिटांचा बिघाड म्हणजे दीड मीटरच्या ४०० संचांची नळी होय.

ही लाइन कशी चालते, ते थोडक्यात पाहू. प्लास्टिकचे दाणे हॉपरमधून तापलेल्या नळकांड्यात पडतात, तेथील फिरता स्क्रू त्यांना वितळवून पुढे ढकलतो, आणि वितळलेला रस बाहेरची कडी असलेली डाय आणि तिच्या मध्यभागी बसवलेली पिन यांच्यामधील वर्तुळाकार फटीतून नळीच्या रूपाने बाहेर पडतो. ही मऊ नळी पाण्याच्या टाकीतून जाताना थंड होते, शेवटी असलेला पुलर तिला सतत ओढत राहतो आणि त्यापुढे कटर तिचे तुकडे करतो. या साखळीतील प्रत्येक कडी मापावर परिणाम करते. स्क्रूने रस कमी-अधिक ढकलला तर भिंत जाड-पातळ होते. पुलर दोन टक्क्यांनी वेगात गेला तर नळी ताणली जाऊन तिचा व्यास आणि भिंत ही दोन्ही जवळजवळ एक-एक टक्क्याने घटतात. पिन केंद्रापासून किंचित सरकली तर नळीची एक बाजू जाड आणि समोरची पातळ होते, ज्याला विकेंद्रता म्हणतात. हा शेवटचा दोष सर्वांत फसवा आहे, कारण त्यात बाह्यव्यास, आतील व्यास आणि मीटरमागचे वजन ही तिन्ही मापे बरोबर येतात, आणि तरीही वाकवल्यावर नळी पातळ बाजूला दुमडून बंद होते.

मऊ नळीला व्हर्निअर लावला तर ती दबते आणि पोकळीत पिन गेज सरकवला तर ती फुगते. म्हणून धावत्या नळीचे माप स्पर्शाविना घ्यावे लागते. बाह्यव्यासासाठी लेझर गेज वापरतात. फिरत्या आरशावरून परावर्तित झालेला किरण भिंगातून समांतर होऊन नळीवरून आडवा सरकतो आणि पलीकडच्या ग्राहकावर जितका वेळ सावली पडते तितका व्यास समजला जातो. असे मोजमाप दर सेकंदाला शेकडो वेळा होते. त्यातही सापळा आहे. काटकोनातील दोन दिशांनी मोजणारे गेज लंबवर्तुळाकार झालेली नळी ओळखते खरे, पण त्या लंबवर्तुळाचा मोठा अक्ष दोन्ही दिशांच्या नेमका मध्ये, ४५ अंशांवर आला तर दोन्ही मापे सारखी येतात आणि चपटलेली नळी गोल ठरते. म्हणून महत्त्वाच्या नळ्यांसाठी तीन दिशांनी मोजणारे किंवा नळीभोवती डोलणारे गेज बसवावे लागते, आणि हा खर्च अनावश्यक मानणाऱ्या कारखान्याने आपली मोजणी कोणत्या दोषाला आंधळी आहे हे निदान कागदावर लिहून ठेवावे, अशी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

भिंतीची जाडी प्रकाशाने नव्हे, तर श्राव्य मर्यादेपलीकडच्या ध्वनीने मोजतात. पाण्यातून जाणाऱ्या नळीभोवती चार किंवा आठ प्रोब बसवलेले असतात. प्रत्येक प्रोबमधून निघालेल्या स्पंदाचा एक प्रतिध्वनी भिंतीच्या बाहेरच्या पृष्ठावरून आणि दुसरा आतल्या पृष्ठावरून परत येतो, आणि या दोहोंमधील वेळेला प्लास्टिकमधील ध्वनिवेगाने गुणून निम्मे केले की जाडी मिळते. प्लास्टिकमधील ध्वनिवेग सेकंदाला सुमारे २००० मीटर धरला, तर अर्ध्या मिलिमीटरच्या भिंतीसाठी हे अंतर अर्ध्या मायक्रोसेकंदाचे असते, आणि पाच मायक्रॉनचा फरक ओळखायचा तर सेकंदाच्या एक अब्जांश भागांपैकी पाच भाग वेगळे काढावे लागतात. येथे तापमानाकडे दुर्लक्ष केले तर उलटाच अनर्थ होतो. प्लास्टिक गरम असताना त्यातील ध्वनी मंदावतो, प्रतिध्वनीला उशीर होतो आणि यंत्राला भिंत आहे त्यापेक्षा जाड भासते. तो आकडा खरा मानून ऑपरेटरने भिंत कमी केली, तर थंड झाल्यावर प्रत्यक्षात ती हवी त्यापेक्षा पातळ निघते. उन्हाळ्यात विदर्भाप्रमाणे पारा ४५ अंशांच्या आसपास जात असेल, तर थंड करणाऱ्या टाकीतील पाण्याचे तापमान स्थिर ठेवणे हा मापनाचाच भाग ठरतो. त्यातच नळी थंड झाल्यावरही काही तास आकसत राहते, त्यामुळे लाइनवरचे माप आणि दुसऱ्या दिवशीचे माप यांतील नाते प्रत्येक प्रकारच्या प्लास्टिकसाठी आधी प्रयोगाने ठरवून घ्यावे लागते.

माप मिळाल्यावर त्याचे काय करायचे, हा प्रश्न मोजण्याइतकाच अवघड आहे. गेज डायपासून सहा मीटर पुढे असेल आणि लाइन सेकंदाला एक मीटर वेगाने चालत असेल, तर गेजला दिसणारा बिघाड सहा सेकंदांपूर्वीचा असतो. त्या आकड्यावरून पुलरचा वेग लगेच बदलला तर दुरुस्ती पोहोचेपर्यंत मूळ कारण निघून गेलेले असू शकते, आणि मग दुरुस्तीच नवा बिघाड होते. अशा अतिउत्साही नियंत्रणामुळे व्यास लाटेसारखा वर-खाली होऊ लागतो. अमेरिकेतील वॉल्टर शूहार्ट यांनी मे १९२४ मध्ये मांडलेला नियंत्रण-आलेख याच कोड्याचे उत्तर आहे. प्रत्येक प्रक्रियेत काही चढउतार तिच्या रचनेतच असतात आणि काही एखाद्या विशिष्ट कारणाने येतात. आलेखावरील मर्यादा या दोहोंना वेगळे करतात आणि हात केव्हा घालायचा व केव्हा आवरायचा हे सांगतात. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात आले आणि भारतीय सांख्यिकी संस्थेमार्फत ही पद्धत देशातील कारखान्यांत रुजू लागली. नळीच्या लाइनला लावून पाहिले तर तिचा धडा असा की स्क्रूच्या फिरण्याबरोबर येणारी जलद स्पंदने गेजच्या मागे धावून दूर होत नाहीत. ती डायआधी वितळलेला रस एकसारखा ढकलणारा मेल्ट पंप बसवून, दाणे नीट सुकवून आणि तापमान स्थिर ठेवून उगमाशीच मिटवावी लागतात. गेजने हळूहळू सरकणारा बदल सांभाळावा, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा रास्त आहे.

गेज स्वतः खरे बोलते की नाही, हे कॅलिब्रेशनने ठरते. कारखान्यातील प्रमाणित पिनचा व्यास मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने मोजलेला असावा, त्या प्रयोगशाळेची साधने अखेरीस नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील प्रमाणाशी जोडलेली असावीत, अशी ही अखंड साखळी असते. लांबीच्या मापाचे संदर्भ-तापमान २० अंश सेल्सिअस आहे, हे येथे विसरता कामा नये. पोलादी पिन अपारदर्शक आणि ताठ, तर सलाइनची नळी पारदर्शक आणि थरथरणारी. पिनवर अचूक ठरलेले गेज नळीवरही तितकेच अचूक ठरेल असे आपोआप म्हणता येत नाही, आणि म्हणूनच एकाच नळीचा तुकडा वेगवेगळ्या ऑपरेटरांकडून पुनःपुन्हा मोजवून मापनपद्धतीचा स्वतःचा विखुरलेपणा काढावा लागतो.

कायद्याने यातील बरेच काही मागितलेले आहे. १ जानेवारी २०१८ पासून लागू झालेल्या वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ नुसार उपकरणांचे जोखमीच्या चढत्या क्रमाने ए, बी, सी आणि डी असे चार वर्ग आहेत. पहिल्या दोन वर्गांच्या उत्पादनाचा परवाना राज्य देते, जे काम महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे आहे, आणि उरलेल्या दोहोंचा केंद्र देते. या नियमांच्या पाचव्या अनुसूचीत गुणवत्ता व्यवस्थापनाच्या अटी आहेत, त्यांत मापनसाधनांचे कॅलिब्रेशन आणि बॅचचा माग ठेवणे यांचा समावेश होतो. उणीव आहे ती खरेदीच्या टोकाला. नमुना पाहून, प्रमाणपत्राची प्रत जोडून आणि सर्वांत कमी दर पाहून निविदा मंजूर झाली, तर लाइनवर सतत मोजणाऱ्या आणि दिवसाअखेर पाच तुकडे मोजणाऱ्या कारखान्यांतील फरक कागदावर दिसत नाही आणि पहिल्याचा खर्च मात्र दरात दिसतो. राज्यात औषधे व साधने यांच्या खरेदीसाठी महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आता अस्तित्वात आहे. प्रत्येक बॅचबरोबर भिंतीच्या जाडीची आणि व्यासाची लाइनवरील नोंद मागण्याची अट निविदेत घालणे त्याच्या आवाक्यातील गोष्ट आहे, आणि ती घालावी असे ठामपणे सांगितले पाहिजे.

जिल्हा पातळीवरही सर्वच हात बांधलेले नाहीत. भिंतीची जाडी रुग्णालयात मोजता येणार नाही, पण थेंब मोजता येतो. नव्या बॅचमधील काही संच घेऊन, वातानुकूलित प्रयोगशाळेत २३ अंशांच्या आसपास ठेवलेले ऊर्ध्वपातित पाणी मिनिटाला सुमारे ५० थेंबांच्या गतीने सोडावे आणि २०० थेंब प्रयोगशाळेच्या तराजूवर तोलावेत. वजन ९ ते ११ ग्रॅमच्या आत आले पाहिजे. नळी दोन बोटांभोवती वळवून ती दुमडते का हे पाहण्याला, आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत खोक्यांखाली दबलेले संच चपटले आहेत का हे तपासण्याला तर तराजूही लागत नाही. यवतमाळमध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि वस्त्र-अभियांत्रिकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना तंतूच्या सूक्ष्म मापांची ओळखही असते; हे काम त्यांनी मिळून एखाद्या सत्राचा प्रकल्प म्हणून उचलले तर त्यासाठी नव्या इमारतीची गरज नाही. सदोष आढळलेल्या संचाची माहिती २०१५ पासून चालू असलेल्या भारतीय मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे, म्हणजे वैद्यकीय उपकरणांमुळे उद्भवणाऱ्या अपायांची नोंद ठेवणाऱ्या यंत्रणेकडे, ठरलेल्या अर्जावर कळवता येते. त्या अर्जात बॅच क्रमांक लिहावा लागतो आणि तो क्रमांक बहुधा नळीवर नसून वेष्टनावर असतो. त्यामुळे अतिदक्षता विभागात तरी कॅन्युला, एंडोट्रॅकियल ट्यूब आणि सलाइनचा संच उघडताना वेष्टनाचा तो भाग कापून रुग्णाच्या कागदपत्रांना जोडण्याची पद्धत रुग्णालयाने पाडावी.